कोठी न उघडता कीड मोजायची कशी? प्लास्टिकच्या ऑप्टिकल फायबरचा सापळा, पायरी-पायरीने

नाशिक जिल्ह्यात वर्षाचा गहू मार्च-एप्रिलमध्ये घरात येतो. उन्हात तापवून, पाखडून, कुणी एरंडेल चोळून तो पत्र्याच्या कोठीत भरतं. पंचाईत पुढे असते. आत काय चाललंय ते कळायला झाकण उघडावं लागतं, आणि जूननंतर प्रत्येक उघडण्याबरोबर दमट हवा आत शिरते. निफाड-सिन्नरकडे ते एकवेळ खपून जातं. इगतपुरी-त्र्यंबककडे चार महिने भिंतींनाही ओल असते. तिथे दर आठवड्याला झाकण काढून हात घालणं म्हणजे किडीला आमंत्रण.

शिवाय हात घालून फारसं कळतही नाही. सोंडे (काही घरांत पोरकिडे म्हणतात) दाण्याला सोंडेने भोक पाडतात, त्यात अंडं घालतात आणि वरून चिकट स्रावाचं बूच लावतात. अळी आणि कोष ही दोन्ही वयं दाण्याच्या आतच जातात. २८ ते ३० अंश तापमानात अंड्यापासून प्रौढ किडा बाहेर यायला साधारण महिना ते पाच आठवडे लागतात. म्हणजे गव्हाच्या थरावर किडे चालताना दिसले, तेव्हा एक पिढी आत पूर्ण झालेली असते आणि दुसरी अंड्यांत बसलेली असते.

म्हणून धान्यात रोवायचा सापळा वापरतात. बारीक भोकांची नळी, खाली नरसाळं, त्याखाली बाटली. धान्यातले किडे भटके असतात. मोकळी पोकळी सापडली की आत शिरतात आणि खाली पडतात. तमिळनाडू कृषी विद्यापीठाने विकसित केलेला २ मिमी भोकांचा असा सापळा बरीच वर्षं वापरात आहे. पण त्यातली बाटली पाहायलाही कोठी उघडावीच लागते. खाली दिलेल्या रचनेत नरसाळ्याच्या तोंडाशी प्रकाशाचा पडदा असतो, पडणारा प्रत्येक किडा तो तोडतो आणि बाहेरच्या डबीत आकडा एकने वाढतो.

हे काम साध्या सेन्सरनेही होईल, मग फायबर कशाला? पहिलं कारण असं की गोदामात परवानाधारकाकडून धुरी दिली जाते, तेव्हा निघणारा फॉस्फिन वायू तांब्याला खातो. तारा, सर्किटचे पत्रे, सोल्डरचे सांधे काळे पडतात आणि यंत्र बंद पडू शकतं. प्लास्टिकच्या तंतूत धातूच नाही. दुसरं असं की धान्याच्या धुळीत वीज न्यावी लागत नाही. दिवा, सेन्सर, बॅटरी सगळं कोठीबाहेर राहतं, आत जातो फक्त प्रकाश.

सामान

तंतू: १ मिमी जाडीचा, बिनआवरणाचा, पीएमएमए (म्हणजे ॲक्रिलिक) प्लास्टिकचा ऑप्टिकल फायबर, २५ मीटर. छतावर चांदण्यांची सजावट करणारे हाच वापरतात, टोकाशी उजळणारा प्रकार मागा. अंगभर उजळणारा प्रकार मिळतो, तो घेऊ नका, त्यातून प्रकाश वाटेतच गळतो. इंटरनेटच्या जोडणीतून उरलेली काचेची केबल बऱ्याच घरांत पडलेली असते. ती इथे बिनकामाची आहे. तिचा गाभा ९ मायक्रॉनचा, प्लास्टिकच्या तंतूचा ९८० मायक्रॉनचा. क्षेत्रफळात जवळजवळ १२ हजार पटींचा फरक पडतो. एलईडीचा प्रकाश त्या सुईच्या टोकात शिरणारच नाही.

ठोकळ्यासाठी काळं ॲक्रिलिक, ५ मिमी आणि १ मिमी जाडीचे तुकडे. पाट्या बनवणाऱ्यांकडे कात्रण मिळतं. काळंच हवं. पारदर्शक ठोकळ्यात प्रकाश खाचेला वळसा घालून पलीकडे पोचतो आणि किडा आडवा आला तरी सेन्सरला पत्ता लागत नाही.

२५ मिमीची पीव्हीसी वायरिंगची नळी ३० सेंमी, ९० मिमी पीव्हीसी पाइपचा १० सेंमीचा तुकडा, नमुना तपासणीची फिरकीच्या झाकणाची लहान बाटली, आतून ३ मिमी व्यासाच्या पितळी नळीचे दोन तुकडे (प्रत्येकी २ सेंमी), सावकाश वाळणारा दोन नळ्यांचा एपॉक्सी, सिलिकॉन सीलंट, ४ मिमी नायलॉनची दोरी. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद तंतूजवळ आणू नका. त्याच्या वाफेने ॲक्रिलिकवर पांढरी साय धरते. ॲसिटोनने तर तंतू विरघळतोच.

इलेक्ट्रॉनिक्स: ५ मिमी पारदर्शक लाल एलईडी, बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड (प्रकाश टिपणारा सेन्सर), अर्दुइनो नॅनो (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड), ३३० ओहम आणि १ मेगाओहम रोध (रेझिस्टर), १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, लहान डिस्प्ले, ५ व्होल्टचा चार्जर. फोटोडायोड पारदर्शक अंगाचाच घ्या. काळ्या अंगाचे प्रकार दिसणारा प्रकाश अडवून फक्त इन्फ्रारेड आत सोडतात, आणि आपला दिवा लाल आहे.

इन्फ्रारेड न घेण्यालाही कारण आहे. या प्लास्टिकमध्ये ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाची घट मीटरमागे ०.२ डेसिबलच्या आसपास असते. इन्फ्रारेडला ती कित्येक पट होते. लाल प्रकाश दीड मीटर तंतूतून जाताना जेमतेम ७ टक्के कमी होतो. प्रकाश तंतूत हरवत नाही, जोडावर हरवतो. या सगळ्या कामात वेळ कुठे घालवायचा, ते यावरून ठरवा.

ठोकळा: आधी चिकटवा, मग कापा

समोरासमोरचे तंतू हाताने एका रेषेत आणणं फार जिकिरीचं. अर्धा मिमी सरकलं तरी बराचसा प्रकाश वाया. त्याऐवजी तंतू अखंड ठेवूनच ठोकळ्यात चिकटवायचे आणि मग ठोकळ्यासकट मधोमध कापायचे. कापलेली दोन तोंडं आपोआप एकमेकांसमोर येतात.

५ मिमी ॲक्रिलिकचे ३० बाय २० मिमीचे दोन तुकडे कापा. तंतूचे ३ मीटरचे ७ तुकडे करा. खालच्या तुकड्यावर, ३० मिमीच्या दिशेने, सातही तंतू एकमेकांना चिकटून पट्टीसारखे मांडा. प्रत्येक तंतूचा मध्य ठोकळ्याच्या मध्यावर येऊ द्या. पट्टी ७ मिमी रुंद होते. तिच्या दोन्ही बाजूंना १ मिमी ॲक्रिलिकच्या साडेसहा मिमीच्या पट्ट्या बसवा, म्हणजे वरचा तुकडा तंतूंना चिरडणार नाही. एपॉक्सी लावा, वरचा तुकडा ठेवा, कपड्याच्या चिमट्याने हलकं दाबा, २४ तास हात लावू नका. पाच मिनिटांत सुकणारा एपॉक्सी घेतला तर मांडणी नीट करेपर्यंत तो आवळायला लागतो.

दुसऱ्या दिवशी ठोकळ्याच्या मधोमध वरून खाली आरपार खाच पाडायची. तंतूंच्या दिशेने ती ४ मिमी असेल, आडवी ७ मिमी. साडेतीन मिमीच्या ड्रिलने शेजारी-शेजारी दोन भोकं पाडा आणि मधलं-कडेचं चपट्या कानशीने काढा. ड्रिल सावकाश फिरवा, मधूनमधून पाण्याचा थेंब टाका. वेग वाढला की ॲक्रिलिक वितळून तंतूंच्या तोंडावर लेप बसतो. ज्यांना हे हाताने नको, त्यांनी नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत एखाद्या छोट्या मिलिंगवाल्याकडून खाच मारून घ्यावी. काम दहा मिनिटांचं आहे. खाच ७ मिमीपेक्षा रुंद होऊ देऊ नका, नाहीतर किडा कोपऱ्यातून, प्रकाश न तोडता निसटतो.

आता पॉलिश. अडीच मिमी जाडीच्या सपाट पट्टीला ६०० नंबरचा पाणकागद चिकटवून खाचेच्या दोन्ही भिंती ओल्या घासा, मग १०००, मग २०००. प्रत्येक नंबर बदलताना खाच पाण्याने धुवा. आधीच्या कागदाचा एक कण राहिला तरी तो शेवटपर्यंत ओरखडे काढत राहतो. मोबाइलचा कॅमेरा झूम करून पाहा: सात गोल टिकल्या काचेसारख्या दिसल्या पाहिजेत. दुधाळ दिसल्या तर पुन्हा १००० वर या.

दिव्याशी जोड

ठोकळ्याच्या प्रत्येक बाजूला सात-सात तंतू लोंबतात. १ मिमीचे सात तंतू, मध्ये एक आणि भोवती सहा, बरोबर ३ मिमीच्या वर्तुळात बसतात. टोकं पितळी नळीत सरकवा, सेंटिमीटरभर बाहेर राहू द्या, एपॉक्सी भरा. वाळल्यावर बाहेरचं टोक नव्या ब्लेडने नळीपासून मिमीभर सोडून कापा आणि काचेवर पाणकागद ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यात घासा, ४०० पासून २००० पर्यंत. गोल-गोल घासलं तर तोंड घुमटासारखं होतं. कात्रीने तंतू कापू नका. कात्री दाबून कापते, आणि तडा आत खोल जातो. पॉलिशने तो निघत नाही.

एक टोक खिडकीकडे धरून खाचेतल्या सात टिकल्या पाहा. एखादी अंधारी दिसली तर तो तंतू कुठेतरी मोडलाय.

एलईडीचा घुमट आधी कानशीने सपाट करा. आतली केसासारखी तार दिसते, तिच्या वर निदान १ मिमी प्लास्टिक राहू द्या. तार तुटली की एलईडी गेला. सपाट तोंडालाही वरच्यासारखंच पॉलिश.

साधारण नियम असा की तंतू दिव्याला जितका चिकटून तितका चांगला. या तंतूची स्वीकारक्षमता ०.५ आहे, म्हणजे अक्षापासून ३० अंशांच्या आतले किरण तो घेतो, बाकीचे बाहेर टाकतो. चौफेर पसरणाऱ्या दिव्याचा त्यात फार तर चौथा हिस्सा शिरतो, आणि अंतर वाढेल तसा तो झपाट्याने घटतो. पण इथे एक नाही, सात तंतू आहेत. एलईडीची प्रकाशणारी चिप जेमतेम पाव ते अर्धा मिमीची असते. नळी अगदी टेकवली तर मधला तंतू झगझगीत आणि कडेचे सहा मंद होतात. पडद्यात भोकं पडल्यासारखं होतं. म्हणून मुद्दाम २ मिमी अंतर सोडा. एकूण प्रकाश कमी होतो, पण सातही तंतूंना जवळपास सारखा मिळतो. मोजणीला ते जास्त उपयोगी. एलईडी आणि पितळी नळी एकाच काळ्या हीट श्रिंक (तापवली की आवळणाऱ्या) नळीत बसवा, खाचेत पांढरा कागद धरून टिकल्यांची उजळी पाहत अंतर पुढेमागे करा, मग नळी आवळा. गरम हवा तंतूंवर जाऊ देऊ नका. ७० अंशांच्या पुढे हे प्लास्टिक आकसतं.

सेन्सरच्या बाजूला हा प्रश्नच नाही. बीपीडब्ल्यू ३४ ची संवेदनशील चकती साडेसात चौरस मिमी, आपला गुच्छ सात चौरस मिमीच्या आसपास. नळी थेट त्यावर टेकवून भोवती काळा एपॉक्सी किंवा काळं सिलिकॉन लावा.

फोटोडायोड उलट जोडायचा: कॅथोड ५ व्होल्टला, ॲनोड नॅनोच्या ए० पायाला, तिथूनच १ मेगाओहम आणि त्याला समांतर १ नॅनोफॅरड नॅनोच्या ग्राउंड (GND) पायाला. एलईडी ३३० ओहममधून. सुमारे ९ मिलिॲम्पिअर जातात. खाच मोकळी असताना आकडा १०२३ पैकी ५०० ते ७०० च्या दरम्यान हवा. कमी आला तर १ मेगाओहमचा रोध वाढवा, जास्त आला तर कमी करा. एलईडी बंद केल्यावरही आकडा ९०० च्या वर ठाम राहत असेल तर फोटोडायोड सुलटा जोडला गेलाय.

नळी, नरसाळं, बाटली

२५ मिमी नळीवर दर १० मिमीला एक कडं, प्रत्येक कड्यात ८ भोकं, २ मिमी ड्रिलने. ३० सेंमी नळीपैकी वरचे ४ आणि खालचे ५ सेंमी सोडले तरी पावणेदोनशे भोकं होतात, कंटाळा येतो, पण कमी करू नका. ड्रिल थोडं तिरपं धरा, भोकाचं बाहेरचं तोंड खाली आणि आतलं वर येईल असं. म्हणजे भुसा-चुरा घरंगळत आत येत नाही आणि किडा मात्र चढून येतो. आतले उचललेले काठ काठीला पाणकागद गुंडाळून घासून टाका. तसे राहिले तर किड्याला धरायला पायऱ्या मिळतात.

नरसाळं गुळगुळीत पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याचं वळवा. वर २२ मिमी गोल, खाली खाचेइतकं आयताकृती, उतार ६० अंशांहून तीव्र. सोंडे काचेवरसुद्धा चढतात. दाणे पोखरणारा छोटा भुंगेरा आणि तांबडा भुंगेरा स्वच्छ काचेवर चढू शकत नाहीत. म्हणून सोंड्यांसाठी बाटलीच्या आत, काठापासून दोन बोटं खाली, टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून एक पट्टा फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. हा पट्टा लावला नाही तर एकच सोंडा खाली-वर करत रात्रभरात वीसदा मोजला जातो. वाळायच्या आधी बाटली बसवू नका, स्पिरिटच्या वाफेने तंतूंच्या तोंडाला बारीक तडे जातात.

नळीचं खालचं टोक ठोकळ्याच्या माथ्यावर, बाटलीचं झाकण (मधोमध खाचेएवढं भोक पाडून) ठोकळ्याच्या पोटाला एपॉक्सीने चिकटवा. हे सगळं ९० मिमी पाइपच्या तुकड्यात मधोमध बसतं. एवढा रुंद पाइप कशासाठी, तर तंतूंच्या वळणासाठी. १ मिमी तंतू २५ मिमीपेक्षा कमी त्रिज्येत वाकवला की वळणावर प्रकाश बाहेर फुटतो, आणि काही दिवसांनी तिथेच चीर जाते. ठोकळ्यातून आडवे निघालेले तंतू पाइपच्या आत मोठं वळण घेऊन वर यायला एवढी जागा लागतेच. पाइपच्या माथ्यावर पत्र्याची किंवा प्लास्टिकची शंकूसारखी टोपी बसवा आणि दोरी पक्की करा. सापळा उपसताना गहू टोपीवरून घसरतो. तंतू लवचीक नळीत घाला. उंदरांना प्लास्टिकची चव लागते.

तिळाने परीक्षा

नॅनोतल्या प्रोग्रॅमने आठ वाचनांची सरासरी घ्यावी, म्हणजे साधारण दर मिलिसेकंदाला एक आकडा मिळतो. त्याबरोबर दोनेक सेकंदांची संथ सरासरी चालू ठेवावी. ताजा आकडा संथ सरासरीखाली ठरावीक टक्के गेला आणि २ ते १०० मिलिसेकंदांत परत आला, तर एक किडा. मग ३०० मिलिसेकंद मोजणी थांबवायची. सावली असताना संथ सरासरी पुढे सरकू द्यायची नाही. सेकंदाहून जास्त सावली राहिली तर मोजू नये, धोक्याचा दिवा लावावा: किडा खाचेत बसलाय किंवा काडी अडकलीय.

वेळा अशाच का? ५ सेंमी उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त १ मीटर होतो. ३ मिमीचा किडा आणि १ मिमीचा पडदा मिळून सावली ४ मिलिसेकंदांची. स्वस्त एलडीआर (प्रकाशाप्रमाणे रोध बदलणारा) सेन्सर एवढ्या कमी वेळात जागाच होत नाही, म्हणून तो इथे चालत नाही.

चाचणीला तीळ घ्या, सोंड्याएवढाच असतो. पन्नास तीळ एकेक करून नळीत टाका. आकडा ४५ च्या खाली आला तर टक्केवारी उतरवा किंवा खाचेचे कोपरे तपासा. ५० च्या वर गेला तर टक्केवारी फार खाली आहे, किंवा ट्यूबलाइटचा प्रकाश कुठून तरी शिरतोय. तिळाने पडणारी घट मोजून तिच्या निम्म्यावर सीमा ठेवली की बहुतेक वेळा जमतं. तीळ जमल्यावर मोहरी टाकून पाहा. छोटा भुंगेरा २ ते ३ मिमीचाच असतो, आणि तो निसटू नये.

वीज: चार्जर बरा. हे यंत्र ३० मिलिॲम्पिअरच्या आसपास घेतं आणि बऱ्याच पॉवर बँका एवढ्या कमी ओढीला 'काही जोडलेलं नाही' समजून स्वतःहून बंद होतात. वीज गेली तरी आकडा पुसला जाऊ नये म्हणून तासातासाला तो नॅनोच्या ईईप्रॉममध्ये लिहा.

कोठी भरणे

सापळा कीड मारत नाही. ओला गहू भरून सापळा लावला तर फक्त आकडे वाढताना दिसतील. गव्हाचा ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, १० च्या जवळ असेल तर उत्तम. कोरडं मीठ आणि गहू बाटलीत घालून हलवण्याची जुनी परीक्षा आहे: मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर. पण न चिकटणं म्हणजे १२ च्या आत असं नव्हे, एवढं लक्षात ठेवा. एप्रिलच्या उन्हात ताडपत्रीवर तीन-चार सेंमी थर पसरा, दोन-तीन दिवस उलथापालथ करा. संध्याकाळी गरम गहू थेट कोठीत ओतू नका. रात्रभर सावलीत निवू द्या, सकाळी भरा. गरम धान्य पत्र्याशी घाम सोडतं आणि कडेचा थर बुरसतो.

कोठीच्या सांध्यांतला जुना चुरा ब्रशने काढा. खापरा या भुंगेऱ्याच्या अळ्या फटीत अन्नावाचून दीर्घकाळ तग धरतात. जुनी पोती त्याच खोलीत नकोत.

३ क्विंटल गव्हाला साधारण ०.४ घनमीटर जागा लागते: ७० सेंमी व्यासाची, मीटरभर भरलेली कोठी. ६० सेंमी भरून झाल्यावर सापळा मधोमध उभा ठेवा आणि भोवतीने गहू ओता. भोकांच्या नळीचं तोंड बूच लावून वरच्या थराबरोबर येईल. मध्य आणि वरचा थर का? हिवाळ्यात बाहेरचा पत्रा थंड आणि मधला गहू उबदार असतो. उबदार हवा वर चढते आणि ओल वरच्या थरात सोडते. किडे ऊब आणि ओल दोन्हीच्या मागे जातात. तंतूंची नळी कोठीच्या भिंतीला वरच्या बाजूस १२ मिमीचं भोक पाडून रबरी कड्यातून बाहेर काढा, झाकणातून नको. आत हातभर सैल वेढा ठेवा, नाहीतर सापळा उपसताना तंतू ताणले जातील. भोक सिलिकॉनने आतून-बाहेरून बंद करा. ही फट राहिली तर सगळा खटाटोप उलटा पडतो.

एरंडेल चोळलेल्या गव्हात सापळा चालतो, पण चिकट चुरा खाचेत जमतो. अशा वेळी पायाभूत आकडा (खाच मोकळी असतानाचं सेन्सरचं वाचन) आठवड्याला किती खाली सरकतो ते नोंदवा. ३०० च्या खाली गेला की बाहेर काढून खाच मऊ ब्रशने, साबणाच्या पाण्याने धुवा. स्पिरिट नको.

आकडा वाचताना

पहिले दोन-तीन दिवस जे काही मोजलं जाईल ते विसरा. भरताना उडालेला चुरा असतो. मग रोज एकाच वेळी आकडा लिहा. रोज एखाद-दुसरा वाढणं आणि नंतर थांबणं हा चुऱ्याचाच प्रकार. सलग तीन-चार दिवस आकडा चढत असेल, विशेषतः रात्री, तर कोठी उघडा, दोरी हलवत-हलवत सापळा काढा आणि बाटली पांढऱ्या कागदावर पालथी करा.

सोंड असलेला, पंखांवर चार फिकट ठिपके, शिवलं की मेल्याचं सोंग घेणारा: सोंडा. दंडगोल, डोकं पाठीखाली दडलेलं, बरोबर पिठासारखा चुरा: दाणे पोखरणारा छोटा भुंगेरा. हा कोरड्या गव्हातही वाढतो, म्हणून 'आमचा गहू कडक वाळलाय' म्हणून निर्धास्त राहू नका. छातीच्या दोन्ही कडांना सहा-सहा दात असलेला चपटा: करवती भुंगेरा, आणि तांबूस चपटा: तांबडा भुंगेरा. हे दोघे अखंड दाण्याला सहसा काही करू शकत नाहीत. ते सापडले तर गव्हात फुटका दाणा आणि पीठ जास्त आहे. केसाळ तपकिरी अळी दिसली तर खापरा. भिंतीलगतचा वरचा थरही तपासा.

सोंडे किंवा छोटा भुंगेरा जिवंत सापडला तर त्याच आठवड्यात गहू काढून चाळा, ऊन मिळत असेल तर तापवा, आधी दळायचा तेवढा वेगळा करा. रवा, मैदा अशा थोड्या वस्तूंसाठी घरचा फ्रीझर चांगला: उणे १८ अंशाला आठवडाभर. सल्फासच्या गोळ्या राहत्या घरात कधीही नाही. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून १ ग्रॅम फॉस्फिन निघतो, आणि झोपलेल्या माणसांना मारायला तो पुरतो. ते काम परवानाधारकाचं, तेही माणसांपासून दूर असलेल्या गोदामात.

शून्याचाही अर्थ नीट लावा. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पहाटे हाडं गोठतात. धान्य १५-१८ अंशांच्या खाली गेलं की किडे चालत नाहीत, मग पडणार कुठून? थंडीतला शून्य मोजायचा नाही. खरी पाळत दोन वेळा: जून ते सप्टेंबर, आणि होळीनंतर ऊन चढायला लागल्यावर. दाण्याच्या आतली अळी या सापळ्याला कधीच दिसत नाही, तिच्यासाठी मूठभर गहू पाण्यात टाकून तरंगणारे दाणे फोडून पाहा.

दुसऱ्या धान्यांसाठी थोडे बदल. मालेगाव-येवल्याकडच्या बाजरीला भोकं दीड मिमीची, नाहीतर बाजरीच आत येते. हरभऱ्याला ३ मिमीची. कडधान्याचा भुंगेरा अंगाने रुंद असतो. हरभऱ्यात मात्र सापळ्याच्या आधी डोळे वापरा: दाण्यावर चिकटलेली पांढरी अंडी नुसत्या नजरेला दिसतात. किलोमागे ५ मिली खाद्यतेल चोळलं तर अंडी मरतात. सुरगाणा-पेठच्या नागलीला सहसा सोंडा लागत नाही. दाणा इतका बारीक की सोंड्याच्या अळीला आत वाढायला जागाच पुरत नाही.